मिठाच्या मैदानासाठी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार कशी तयार करावी

लँड स्पीड रेसिंगमध्ये वळणे नसतात आणि शेजारून पळणारी दुसरी गाडीही नसते. आखून दिलेल्या सरळ मार्गावर गाडी एकटी धावते आणि ठरावीक मैलातला तिचा सरासरी वेग नोंदला जातो. ऐकायला हे सोपे वाटते, त्यामुळे एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली किंवा जॅग्वार हाताशी असलेल्या माणसाचा समज होतो की इंजिनाची ताकद थोडी वाढवली की काम झाले. प्रत्यक्षात सर्किटवर पळणाऱ्या इंजिनाला दर काही सेकंदांनी, वळण आले की, उसंत मिळते. येथे ॲक्सिलरेटर तळाशी टेकवून मिनिट-दीड मिनिट सलग धावायचे असते. साठ वर्षांपूर्वी ओतलेल्या आणि घडवलेल्या धातूकडून असे काम करून घ्यायचे, तर अश्वशक्तीचा विचार बराच नंतर येतो. आधी गाडीतल्या माणसाचा जीव, मग हवेचा रोध, मग गिअरिंग आणि त्यानंतर इंजिन, या क्रमाने मी हे काम सांगणार आहे, कारण पैसे आणि वेळही याच क्रमाने खर्च व्हावेत असे माझे ठाम मत आहे.

या खेळाचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे अमेरिकेतील युटा राज्यात, वेंडोव्हर गावाजवळ पसरलेले बॉनव्हिलचे मिठाचे मैदान. समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंचीवरच्या या मैदानावर १९४९ पासून ‘स्पीड वीक’ भरत आला आहे, आणि १९३७ साली स्थापन झालेल्या सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनचे नाव त्याच्याशी पहिल्यापासून जोडलेले आहे. ब्रिटिश गाड्यांना हे मैदान परके नाही. डोनाल्ड हीली यांनी १९५६ साली खास बॉडी चढवलेल्या ऑस्टिन-हीलीतून येथे ताशी २०३ मैलांची मजल मारली. २३ ऑगस्ट १९५७ रोजी स्टर्लिंग मॉस यांनी एमजीच्या ईएक्स १८१ मधून ताशी २४५.६४ मैल वेग गाठला, आणि १९५९ साली फिल हिल यांनी त्याच गाडीतून २५४.९१ मैलांची नोंद केली. मॉस यांच्या धावेच्या वेळी ईएक्स १८१ चे इंजिन जेमतेम दीड लिटरचे होते आणि सुपरचार्जरच्या जोरावर ते सुमारे २९० अश्वशक्ती देत होते. एवढी ताकद असलेल्या आजच्या कितीतरी मोटारी त्या वेगाच्या जवळपासही पोहोचत नाहीत, कारण ती किमया इंजिनापेक्षा अश्रूच्या थेंबासारख्या त्या बॉडीची होती.

नियमपुस्तिका आणि वर्ग

कामाची सुरुवात पाना हातात घेऊन करू नये, नियमपुस्तिका हातात घेऊन करावी. ती दरवर्षी नव्याने निघते आणि तिच्यातले बारकावे बदलतात, म्हणून गेल्या वर्षीची प्रत किंवा कुणाची आठवण यांवर विसंबून चालत नाही. ज्या संस्थेच्या स्पर्धेत उतरायचे तिचीच पुस्तिका वाचावी. ऑस्ट्रेलियातील लेक गेर्डनर, इंग्लंडमधील एल्व्हिंग्टनची धावपट्टी आणि बॉनव्हिल येथे एकच नियम लागू नाहीत.

बॉनव्हिलला गाडीचा वर्ग दोन गोष्टींवरून ठरतो: इंजिनाचे आकारमान आणि बॉडीचा प्रकार. ढोबळमानाने सांगायचे तर एक ते दीड लिटरचे इंजिन ‘जी’ वर्गात, दीड ते दोन लिटरचे ‘एफ’ मध्ये, दोन ते तीन लिटरचे ‘ई’ मध्ये आणि त्यावरचे सव्वाचार लिटरपर्यंतचे ‘डी’ मध्ये मोडते. म्हणजे १,२७५ सीसीची स्प्राइट किंवा मिजेट ‘जी’ मध्ये, १,७९८ सीसीची एमजीबी ‘एफ’ मध्ये, ट्रायम्फ टीआर४ आणि ऑस्टिन-हीली ३००० या दोन्ही ‘ई’ मध्ये आणि ४.२ लिटरची जॅग्वार ई-टाइप ‘डी’ मध्ये बसते. सुपरचार्जर किंवा टर्बो लावला की वर्ग वेगळा. पेट्रोलऐवजी मिथेनॉल किंवा नायट्रोमिथेन वापरले तरी वर्ग वेगळा. बॉडीच्या बाबतीत ग्रँड टुअरिंग वर्गात कारखान्यातून निघालेला आकार जवळजवळ तसाच ठेवावा लागतो, तर मॉडिफाइड स्पोर्ट्स वर्गात बऱ्याच सुधारणांना मुभा असते. कोणत्या वर्गात किती वेगाचा विक्रम उभा आहे, तो आपल्या आवाक्यात आहे का आणि आपण मनात योजलेला प्रत्येक बदल त्या वर्गात चालतो का, हे कागदावर मांडून मगच गाडी उघडावी. पुढचा एअर डॅम (बंपरखाली हवा अडवणारा पत्रा) किंवा सपाट केलेला तळ बसवून झाल्यावर तो आपल्या वर्गात चालत नाही असे तपासणीच्या रांगेत कळणे फार महागात पडते.

कोणती गाडी घ्यावी

माझे उत्तर स्पष्ट आहे: जिचे मूळ रूप आधीच हरवले आहे, ती. या कामात रोल केजसाठी (चालकाभोवतीच्या पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यासाठी) बॉडी कापावी लागते, जमिनीच्या पत्र्यावर जाड पट्ट्या वेल्ड कराव्या लागतात, आणि नंतर मीठ प्रत्येक पोकळीत शिरते. मूळ रंगाची, कागदपत्रांसह जपलेली ऑस्टिन-हीली १००एस किंवा सुरुवातीची ई-टाइप यासाठी वापरणे हे एका चांगल्या वस्तूचे कायमचे नुकसान आहे. एकदा धक्का खाल्लेली, इंजिन नसलेली, पण सिल्स (दारांखालच्या पोकळ पेट्या) आणि बॉक्स सेक्शन्स शाबूत असलेली किंवा नीट बदललेली एमजीबी या कामाला उत्तम. तिचे सुटे भाग सहज मिळतात आणि तिच्या बी-सीरीज इंजिनाबद्दल माहीत नसलेले फारसे काही उरलेले नाही. रोडस्टर आणि जीटी यांत मी जीटी निवडेन. पिनिनफारिना यांच्या हाताखालून गेलेले तिचे छप्पर हवेला मागेपर्यंत वाहू देते, आणि तिचे जास्तीचे वजन येथे गैरसोयीचे नसून उलट मिठावर पकडीला मदत करणारे असते.

एमजीबीला वेगळी चॅसिस नसते. सिल्स हाच तिचा कणा आहे. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलच्या आत उभा पत्रा असतो, आणि तो गंजून गळालेला असला तरी बाहेरून कळत नाही. मागच्या चाकाच्या कमानीकडून आत छोटा कॅमेरा सरकवून तो पत्रा डोळ्यांनी पाहावा. रोल केजचे पाय याच भागावर उभे राहणार असल्याने येथे शंकेला जागा ठेवू नये. टीआर४ किंवा मोठी हीली असेल तर बॉडीखालच्या चॅसिसचे जोड आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे आधार त्याच काटेकोरपणे तपासावेत.

रोल केज आणि चालकाची जागा

बॉनव्हिलच्या नियमांत मोटारींच्या रोल केजसाठी १.६२५ इंच बाहेरचा व्यास आणि ०.१२० इंच जाडी असलेली पोलादी नळी हे माप वर्षानुवर्षे रूढ आहे. खरेदीपूर्वी चालू पुस्तिकेतले माप पाहून घ्यावे. सर्किट रेसिंगसाठी बाजारात तयार मिळणारे केज पुष्कळदा याहून बारीक नळीचे असतात आणि येथे नापास होतात. मिठावर गाडी घसरली की ती एकदा आपटून थांबत नाही. कित्येकदा गोल फिरत, लोळत लांबवर जाते. म्हणून केज चालकाच्या डोक्याच्या वर, मागे आणि दोन्ही बाजूंना असा असावा की हेल्मेट घातलेले डोके कोणत्याही दिशेने नळीच्या पातळीबाहेर जाऊ नये. या जुन्या गाड्या आतून अरुंद असतात. केज वाकवण्याआधी सीट तिच्या अखेरच्या जागी पक्की करावी, चालकाने पूर्ण पोशाख, हेल्मेट आणि मानेचा आधार घालून तीत बसावे, पट्टे आवळावेत आणि त्या अवस्थेत मापे घ्यावीत. साध्या कपड्यांत घेतलेली मापे हमखास तोकडी पडतात.

सीट धातूची आणि केजलाच जोडलेली असावी. पट्टे, हातांना बाहेर फेकले जाऊ न देणारे बंध, खिडकीची जाळी, अग्निरोधक पोशाख, हेल्मेटचा दर्जा यांतल्या प्रत्येकाचे प्रमाणपत्र आणि मुदत तपासली जाते, आणि पोशाखाची श्रेणी वेगानुसार चढत जाते. इंजिनाच्या कप्प्याकडे आणि चालकाकडे अशा दोन्ही बाजूंना नोझल असलेली आग विझवण्याची यंत्रणा बसवावी. तिची खेच, विजेचा मुख्य स्विच आणि इंधन बंद करण्याची कळ पट्टे आवळलेल्या स्थितीत हाताला लागली पाहिजे. तपासणीत चालकाला स्वतःच्या बळावर झटपट बाहेर पडून दाखवावे लागते. त्याचा सराव घरी डोळे मिटून करावा, कारण धुरात काही दिसत नाही.

इंजिन आणि चालक यांच्यामधल्या पत्र्यातली भोके हा जुन्या ब्रिटिश गाड्यांचा खास दोष आहे. हीटरच्या नळ्या, चोक केबल, स्पीडोमीटर केबल, उजव्या आणि डाव्या सुकाणूसाठी कारखान्यानेच ठेवलेली दुहेरी छिद्रे, अशी दहा ठिकाणे निघतात. प्रत्येक छिद्र पोलादी पत्र्याने बंद करावे. रबरी बूच किंवा चिकटपट्टी आगीत टिकत नाही.

हवा

ज्या वेगाची आपण येथे गोष्ट करत आहोत त्या वेगाला इंजिनाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्के वाढवायचा तर एक तृतीयांश ताकद जास्त लागते. उदाहरणादाखल रोधाचा गुणांक ०.४५ आणि समोरचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरू, आणि ऑगस्टच्या उन्हात त्या उंचीवर हवेची घनता घनमीटरला सुमारे १ किलो धरू. मग केवळ हवेसाठी ताशी १२० मैलांना सुमारे ७५ अश्वशक्ती, १३० ला ९५ आणि १४० ला ११८ अश्वशक्ती मागच्या चाकांवर हवी असे उत्तर येते. मिठाचा रोध यावर वेगळा. आता तीच गाडी आपण दहा टक्के निसरडी केली, तर १३० मैलांसाठी नऊ-साडेनऊ अश्वशक्ती वाचतात. जुन्या पुशरॉड इंजिनातून तेवढी जादा ताकद काढायला हेड, कॅमशाफ्ट आणि कार्बोरेटर यांवर किती खर्च येतो याचा हिशेब ज्याने केला आहे त्याला बंपर काढण्याचे मोल सांगावे लागत नाही.

ट्रायम्फने १९५३ साली बेल्जियममधल्या याब्बेके येथील रस्त्यावर टीआर२ ताशी जवळजवळ १२५ मैल पळवली. तेव्हा गाडीखाली सपाट पत्रा बसवलेला होता, चालकाशेजारची मोकळी जागा धातूच्या झाकणाने बंद केलेली होती, मागची चाके झाकलेली होती आणि मोठ्या काचेऐवजी चालकापुरती छोटी काच लावलेली होती. आजही, वर्ग परवानगी देत असेल तर, याच चार जागांपासून सुरुवात करावी. मूळ आकार राखण्याच्या वर्गात असलो तरी करण्याजोगे पुष्कळ उरते: आरसे, वायपर आणि एरियल काढणे, दारे व बॉनेट यांच्या फटी सारख्या करणे, आणि जेथे परवानगी असेल तेथे त्या पट्टीने बंद करणे. रेडिएटरकडे जाणारी हवा इकडेतिकडे न सांडता थेट रेडिएटरमधूनच जावी म्हणून पत्र्याचा बंदिस्त मार्ग करावा. दीड मिनिटाच्या धावेला पूर्ण जाळी उघडी असण्याची गरज नसते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने झाकत जावी आणि पाण्याचे तापमान पाहत जावे. बॉनेटला मूळ खटक्याशिवाय चार पिना हव्यातच; एमजीबीचे जुने ॲल्युमिनियमचे बॉनेट हलके असते आणि आतल्या दाबाने फुगते. काचांना आतून आणि बाहेरून धातूच्या पट्ट्यांचा आधार द्यावा.

गाडी सरळ राहावी म्हणून तिचा गुरुत्वमध्य हवेच्या दाबाच्या केंद्रापुढे असावा लागतो. म्हणून जादा वजन टाकायचे झाल्यास ते मागच्या डिकीत न टाकता पुढे, जमिनीलगत आणि बोल्टने पक्के करून टाकावे. शिशाच्या विटा पट्ट्याने बांधणे मान्य होत नाही आणि होऊही नये.

गिअरिंगचा हिशेब

टायरचा व्यास इंचांत घेऊन त्याला इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे आणि एकूण गिअर गुणोत्तर गुणिले ३३६ या संख्येने भागावे. उत्तर ताशी मैलांत येते. एमजीबीचे नेहमीचे ३.९०९ चे डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधला गिअरसंच) आणि २३.६ इंची टायर घेतले, तर चौथ्या गिअरमध्ये हजार फेऱ्यांना जवळजवळ १८ मैल मिळतात. १३० मैलांसाठी ७,२०० फेऱ्या झाल्या, आणि त्यात मिठावर चाक सरकण्याची भर धरलेली नाही. कोरड्या, कडक मिठावरही थोडी घसर होतेच. ती पाच टक्के धरली तर चाकाचा वेग १३६.५ मैल हवा. आपल्या इंजिनाची ताकद ६,५०० फेऱ्यांना शिखरावर असेल, तर हिशेबाने ३.३४५ चे गुणोत्तर निघते, आणि एमजीसीमध्ये आलेले ३.३०७ चे गुणोत्तर त्याच्या अगदी जवळ आहे. व्ही८ इंजिनाच्या एमजीबी जीटीला कारखान्याने ३.०७ दिले होते. ते साध्या चार सिलिंडरच्या इंजिनाला फार उंच पडेल आणि इंजिन शिखराच्या अलीकडेच दमेल.

ओव्हरड्राइव्ह (गिअरबॉक्समागची, आणखी उंच गिअर देणारी जोडणी) वापरून हेच साधता येते, पण मी तो मार्ग घेत नाही. सुमारे ०.८ च्या गुणोत्तरामुळे प्रॉपेलर शाफ्ट (ताकद मागच्या ॲक्सलकडे नेणारा दांडा) इंजिनापेक्षा जास्त फिरतो. इंजिन ६,००० वर असताना शाफ्ट ७,००० च्या पुढे जातो. शिवाय ओव्हरड्राइव्हचा शंकूच्या आकाराचा क्लच एवढ्या दीर्घ ताणात सरकला, तर धाव तेथेच संपते. सरळ चौथा गिअर आणि योग्य डिफरन्शियल हे जास्त भरवशाचे. शाफ्ट नव्या क्रॉससह समतोल करून घ्यावा आणि त्याच्याभोवती पोलादी कडी बसवावी. पुढचा जोड तुटला तर शाफ्टचे टोक जमिनीत रुतून गाडी उचलली जाते, म्हणून पुढची कडी सर्वांत महत्त्वाची.

इंजिन

बी-सीरीज घ्यायचे तर १९६४ च्या अखेरीस आलेला पाच मुख्य बेअरिंगांचा ब्लॉक घ्यावा. त्याआधीचा तीन बेअरिंगांचा ब्लॉक या कामाला कमी पडतो. या इंजिनाचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर आहे, त्यामुळे ७,००० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.७ मीटर होतो. जुन्या कनेक्टिंग रॉडसाठी हा आकडा सुखाचा नाही. नवे पोलादी रॉड आणि दर्जेदार बोल्ट यांवर पहिला खर्च करावा, कॅमशाफ्टवर नंतर. वर्गाची मर्यादा दोन लिटर असल्याने ब्लॉक १,९५० सीसीपर्यंत कापण्याचा मोह होतो. मात्र सिलिंडरांमधल्या भिंती तेथे इतक्या पातळ उरतात की सलग पूर्ण ताकदीवर हेड गास्केट आणि भिंत दोन्ही धोक्यात येतात. साठ हजारांश इंचाच्या ओव्हरसाइझ पिस्टनवर सुमारे १,८६८ सीसी मिळतात. मी तेथेच थांबेन.

क्रँकशाफ्टची चुंबकीय पद्धतीने भेग-तपासणी करून घ्यावी आणि अहवालावर न थांबता स्वतः पाहावे. जर्नल आणि बाजूचा पाखा जेथे मिळतात तेथे हलकी गोलाई असते; आधीच्या कुणी घासताना ती गोलाई धारदार कोपऱ्यात बदलली असेल, तर भेग तेथूनच सुरू होते, आणि ती केसाहून बारीक असताना नुसत्या बोटाला लागत नाही. पुढच्या टोकाला रबर असलेला डॅम्पर (कंपने शोषणारे चाक) असेल तर त्याचे रबर तडकले आहे का पाहावे. ते सुटले की बाहेरचे कडे हळूहळू सरकते, कड्यावरची खूण खोटी होते आणि आपण टायमिंग लाइटवर विश्वास ठेवून इग्निशन चुकीच्या अंशावर लावत राहतो. पहिला पिस्टन डायल गेजने वरच्या टोकाला आणून खूण पडताळावी, किंवा नवा डॅम्पर बसवावा. ओतीव लोखंडाचे जुने फ्लायव्हील काढून पोलादी बसवावे आणि बेलहाऊसिंगभोवती संरक्षक कवच घालावे; फुटलेले फ्लायव्हील थेट चालकाच्या पायांशी येते.

विरळ हवेमुळे ताकद घटते: हजार फुटांना साधारण तीन टक्के, आणि उष्णतेमुळे बॉनव्हिलची हवा सहा हजार फुटांवरच्या हवेसारखी वागते. जमेची बाजू अशी की त्याच हवेचा रोधही तेवढाच कमी असतो, आणि सिलिंडरमध्ये कमी हवा शिरत असल्याने समुद्रसपाटीला जोखमीचे ठरणारे कम्प्रेशन येथे चालून जाते. एसयू कार्बोरेटर हवेच्या बदलाशी काही प्रमाणात जुळवून घेतात, तरी त्यांतल्या पेट्रोल मोजणाऱ्या सुया एक-दोन पायऱ्या हलक्या मिश्रणाच्या, म्हणजे कमी पेट्रोलच्या, बाजूला न्याव्यात. या हेडमध्ये दोन-दोन सिलिंडर एकाच इनलेट मार्गातून श्वास घेतात आणि मधल्या दोघांचा एक्झॉस्ट एकत्र जातो, त्यामुळे चारही सिलिंडरांचे मिश्रण कधीच सारखे नसते. जो सिलिंडर सर्वांत हलक्या मिश्रणावर चालतो त्याच्यासाठी सुई निवडावी. उरलेले थोडे जड चालले तरी पिस्टन वाचतो.

पेट्रोलच्या वर्गात स्पर्धेच्या ठिकाणी विकले जाणारे इंधनच भरावे लागते आणि अधिकारी टाकी सील करतात. झाकणाला सीलची तार ओवता येईल असे छिद्र घरीच पाडून न्यावे.

चाके, टायर, सुकाणू

तारांची चाके दिसायला सुंदर असली तरी येथे नकोत. आरे सैल होतात आणि हबच्या दात्यांची झीज वरून दिसत नाही. बोल्टने बसणारी पोलादी चाके घ्यावीत, आणि टायरमध्ये हवा भरायच्या वॉल्व्हला धातूची टोपी लावावी. टायरवरचे ‘एच’ हे अक्षर ताशी १३० मैलांची, ‘व्ही’ १४९ मैलांची मर्यादा सांगते. नियमांत काहीही किमान असो, अपेक्षित वेगाहून एक श्रेणी वरचा आणि नुकताच बनलेला टायर घ्यावा.

मागचा ॲक्सल गाडीच्या मध्यरेषेशी काटकोनात आहे का हे दोऱ्याने मोजावे; पाट्यांचे रबरी बुश जीर्ण झाले असतील तर ताकद लागताच ॲक्सल तिरका होतो आणि गाडी एका बाजूला ओढते. एमजीबीला कारखान्यातूनच सुमारे सात अंशांचा कॅस्टर (पुढची चाके ज्या आसावर वळतात त्याचा मागे झुकाव) मिळाला आहे आणि तो सरळ धावण्याला अनुकूल आहे, म्हणून पुढच्या भागात फार हात घालू नये. मात्र किंगपिन (पुढची चाके ज्यांवर वळतात ते खुंटे) नवे असावेत आणि स्टीअरिंग रॅकमध्ये मोकळीक अजिबात नसावी. आर्मस्ट्राँगच्या तरफेच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये ताजे तेल भरून ते दोन्ही बाजूंना सारखे काम करतात का पाहावे.

मैदानावर

नवख्या चालकाला मार्गाची माहिती दिली जाते आणि परवान्याच्या पायऱ्या चढत जावे लागते. पहिल्याच धावेत पूर्ण वेग मागणे शक्यही नसते आणि शहाणपणाचेही नसते. ताशी १७५ मैलांखालच्या गाड्या छोट्या मार्गावर धावतात. दुसऱ्या गिअरपासून पुढे ॲक्सिलरेटर हळूहळू दाबत न्यावा. चाक घसरू लागले की फेऱ्यांचा काटा वर उडतो आणि वेग तेथेच राहतो. तेव्हा पाय किंचित उचलावा, झटक्याने सोडू नये. गाडी फिरू लागलीच तर क्लच दाबावा, आणि हात गाडीच्या आत, पट्ट्यांच्या हद्दीत ठेवावेत.

मोजणीचा शेवटचा टप्पा ओलांडताच, ॲक्सिलरेटर तळाशी असतानाच इग्निशन बंद करून क्लच दाबावा आणि गाडीला आपोआप थांबू द्यावे; मात्र किल्लीने सुकाणू कुलूपबंद होणारी मूळ यंत्रणा त्याआधी गाडीतून काढलेली असावी. अशा वेळी प्लगवर पूर्ण ताकदीची खूण जशीच्या तशी राहते. चारही प्लग क्रमाने काढून भिंगाखाली पाहावेत. पांढऱ्या भागाच्या अगदी मुळाशी फिकट काजळीची बारीक कडी दिसली तर मिश्रण बरोबर आहे. कडी नसून मुळापर्यंत सगळे स्वच्छ पांढरे असेल तर मिश्रण हलके आहे. पांढऱ्या भागावर बारीक काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकणारे कण दिसले तर इंजिनात ठोका (मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट) सुरू झाला आहे. पुढची धाव इग्निशन दोन अंश मागे घेतल्याशिवाय आणि सुई बदलल्याशिवाय करू नये.

उभ्या विक्रमाहून जास्त वेग मिळाला तर गाडी बंदिस्त आवारात न्यावी लागते. तेथे कामासाठी चार तास मिळतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरी धाव होते. दोन्हींची सरासरी जुन्या आकड्याच्या वर गेली तरच विक्रम आपला होतो, आणि मग इंजिनाचे आकारमानही तपासले जाते. त्या चार तासांत काही सुधारण्याचा प्रयत्न करू नये. टॅपेट, हेडचे बोल्ट, तेल, चाकांचे नट, टायरचा दाब एवढे पाहावे आणि जे सेटिंग चालले ते तसेच ठेवावे. सकाळची हवा थंड आणि दाट असते, त्यामुळे मिश्रण थोडे हलके पडेल. बदल करायचाच तर एवढ्यासाठी, जेटचा नट त्याच्या एक-दोन बाजूंइतका खाली फिरवून.

परतल्यावर

मीठ ओले असताना लगदा असते आणि वाळले की दगड होते, म्हणून धुलाई घरी पोहोचण्याची वाट पाहत नाही. वाटेतच पहिल्यांदा भरपूर साध्या पाण्याने खालून धुवावे. घरी चाके, ब्रेक ड्रम, प्रॉपेलर शाफ्ट आणि तळाचा पत्रा उतरवावा. सिल्सच्या पाणी निघण्याच्या फटी तारेने मोकळ्या कराव्यात आणि आत पाण्याची नळी घालून बाहेर येणारे पाणी चवीला अळणी लागेपर्यंत सोडावे. चार-पाच दिवसांनी पुन्हा तेच करावे, कारण जोडांमध्ये अडकलेले मीठ पहिल्या वेळी निघत नाही. चाकांच्या बेअरिंगांतले ग्रीस बदलावे, विजेचे प्रत्येक अर्थिंग सोडवून घासून पुन्हा आवळावे, आणि सर्व वाळल्यावर पोकळ्यांत मेणाचा फवारा मारावा. ओलावा असताना मारलेले मेण मीठ आतच कोंडून ठेवते.